जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे राहते, डिसेंबरात साताऱ्याहून घरचे येणार आहेत. काय तयारी करू?

तू लिहिलंयस की ऑगस्टपासून ऑ-पेअर म्हणून (म्हणजे होस्ट फॅमिलीकडं राहून त्यांची पोरं सांभाळायची, बदल्यात राहणं-जेवण आणि पॉकेटमनी) जर्मनीत आहेस, आई, पप्पा आणि मावशी नाताळच्या सुमारास साताऱ्याहून यायचं म्हणतायत, होस्ट फॅमिलीला अजून नीट सांगितलेलं नाही, आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं एक तास मागे गेल्यापासून संध्याकाळ लवकर पडते तशी वाट बघणं जड जातंय. मी सांगलीची. काही वर्षांपूर्वी श्टुटगार्टजवळच्या एका गावात अशीच राहिले होते, आणि आई-आण्णा हिवाळ्यातच येऊन गेले. आता विश्रामबागेत जर्मनची शिकवणी घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. वयानं लहान असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी कडू ते सांगते. ही तिघं तुझे पाहुणे आहेत, होस्ट फॅमिलीचे नव्हेत. आपल्याकडं हे पचायला वेळ लागतो. माझ्या आईनं तर ती माणसं जणू व्याहीच, अशी तयारी चालवली होती: होस्ट आईला साडी, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी, पोरांना कपडे, आणि वर "त्यांच्याकडं उतरलो नाही तर त्यांना वाईट वाटंल." काही वाईट वाटत नाही. तीन माणसं, दोन आठवडे, एक बाथरूम आणि त्यात नाताळ, एवढं ऐकूनच त्या बाईला घाम फुटेल. पण ती तसं बोलून दाखवेल याची खात्री नाही. जर्मन माणूस सगळं तोंडावर बोलतो म्हणतात. पाहुण्यांच्या बाबतीत तेही चांगलेच भिडस्त असतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून येत्या एक-दोन दिवसांतच, पोरं झोपल्यावर, कॅलेंडर घेऊन बस. कधी येणार, कुठं उतरणार आणि तुला कुठल्या दिवसांची सुट्टी हवी, एवढंच बोल. त्यातही "ते वेगळीकडं उतरणार आहेत" हे पहिल्या वाक्यात येऊ दे. मग समोरचा चेहरा कसा सैल होतो ते बघ. आमच्याकडं हे सांगितल्यावर होस्ट आईनं आपणहून एका रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि परतीच्या आदल्या रात्री आई-आण्णांना घरीच ठेवून घेतलं. मागितलं असतं तर तिनं दिलंही असतं, पण घरात अवघडलेपण आलं असतं, आणि तुला तिथं उन्हाळ्यापर्यंत राहायचंय.

रजा मात्र हक्कानं माग. पूर्ण वर्षाला चार आठवडे पगारी रजा ऑ-पेअरला मिळते, आणि कामाची मर्यादा दिवसाला 6 तास, आठवड्याला 30 तास अशी आहे. घरचे आलेत म्हणून आधी किंवा नंतर जादा तास भरून देते, असं भोळेपणानं बोलून बसू नकोस. रजेचे दिवस मेसेजवर लिहून घे. यात अपमान वगैरे काही नाही, तिथं सगळं लिहूनच ठरतं.

राहायला फेरीनवोनुंग बघ, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर, तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हॉटेलपेक्षा हे बरं, कारण मावशी तिसऱ्या दिवशी पाव बघून तोंड फिरवेल. फक्त आईला एक सांगून ठेव: तिथल्या घरांत छताला धूर ओळखणारा भोंगा असतो, झोपायच्या खोलीत आणि बोळात तर असतोच. लसणीची फोडणी दणकून दिली की तो बोंबलतो. खिडकी उघडायची, स्वयंपाकघराचं दार लावायचं आणि मगच मोहरी टाकायची. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी तर दिवसभर बेतानं. आपल्याकडच्या माणसांना फोनवर ओरडून बोलायची सवय असते, ती तिथं भिंतीपलीकडं पोचते.

आता तारखा. तुला वाटतंय की नाताळालाच यावं. मी म्हणते, नको. नाताळचा बाजार त्याच्या आधी असतो, नाताळात नसतो. बहुतेक बाजार नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात. श्टुटगार्टचा 23 डिसेंबरला आटपतो. 24 तारखेला दुपारी दुकानं बंद, आणि 25 व 26 दोन्ही सुट्ट्या. त्यात वार बघ. 2026 सारखा नाताळ शुक्रवारी आला, की गुरुवारी दुपारी लागलेली शटरं थेट सोमवारी उघडतात. दूध, भाज्या, पाव आधीच भरून ठेवले नाहीत तर तुझे पाहुणे तीन दिवस भडंगावर राहतील. आणि 24 ची संध्याकाळ म्हणजे त्या घराची अगदी आतली वेळ: झाड, भेटवस्तू, आणि कित्येक घरांत साधं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज एवढंच जेवण. तुला त्यात घेतील. तुझ्या आई-पप्पांना आणि मावशीलाही घ्यावं ही अपेक्षा जास्त होते. माझ्या मते डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला येऊन 23 च्या आत निघावं. तेव्हा पोरं शाळेत, किंडरगार्टनमध्ये असतात, म्हणून दिवसाचा मधला वेळ तुझा असतो. ते जमत नसेल तर 27 नंतर. तेव्हा बाजार नसतो, पण होस्ट आई-बाप रजेवर घरीच असतात आणि तुला पूर्ण दिवस सुटतो. ते स्कीइंगला तुला बरोबर नेणार नाहीत ना, तेवढं मात्र आधी विचारून घे.

आमच्याकडं तारखा शेवटी द्राक्षांनी ठरवल्या. तासगाव तालुक्यात आमची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने बागायतदार घर सोडत नाही: धुकं पडलं की दावण्या, ढगाळ हवा आली की भुरी हे वेलीचे रोग, आणि डिसेंबरात अवकाळी पाऊस आला की सगळंच. आण्णा "येत नाही" म्हणाले तेव्हा मी फोनवर भांडले, आईनं अबोला धरला, शेवटी चुलत्यांनी बाग अंगावर घेतली आणि आण्णा आईपेक्षा कमी दिवसांसाठी आले. आले तरी चित्त बागेतच. नाताळच्या बाजारात दिव्यांच्या झगमगाटात उभं राहून हा माणूस फोनवर विचारतोय, "सकाळी पानावर दव किती होतं? फवारणी झाली का?" होस्ट बाबाला द्राक्ष म्हटल्यावर रस निघाला, कारण श्टुटगार्टच्या आसपासच्या टेकड्यांवर द्राक्षाचेच मळे आहेत. तो आण्णांना एका दुपारी तिकडं घेऊन गेला. पानं गळून नुसते उघडे वेल उभे होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मी पोरांना सांभाळत घरी होते, तरी दोन तास ते काय बोलले कोण जाणे. आण्णा परत आल्यावर एवढंच म्हणाले, "यांची छाटणी अजून व्हायचीय. आणि उतार बघितलास का, ट्रॅक्टर कुठनं घालत असतील?" किल्ले, चर्च, राजवाडे यांतलं त्यांना आज काही आठवत नाही. तुझ्या पप्पांचा जो काही धंदा किंवा छंद असेल त्याच्याशी जुळणारं एक ठिकाण शोधून ठेव. बाकी यादी लहान कर.

व्हिसाचं काम आजच सुरू व्हायला हवं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि निदान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. एरवी निकाल 15 दिवसांत येतो, पण जास्त तपासणी लागली तर 45 दिवसांपर्यंत जाऊ शकतं. मोठ्या माणसाची फी जून 2024 पासून 90 युरो आहे. बोटांचे ठसे द्यायला तिघांना स्वतः जावं लागेल. साताऱ्याहून पुण्याचं केंद्र सोयीचं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. मावशीचा बघ, बायकांचे पासपोर्ट कपाटात पडून संपलेले असतात. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बीपी, शुगर असेल तर ते लपवून विमा घेऊ नका. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

यातली महत्त्वाची गोष्ट: खर्च कोण करणार? तुझ्या महिन्याच्या 280 युरो पॉकेटमनीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. कुणीतरी सांगेल की होस्ट फॅमिलीकडून फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग भरून घे. घेऊ नकोस. ते नुसतं आमंत्रणाचं पत्र नसतं. पाहुण्यांचा खर्च, अगदी आजारपणाचासुद्धा, सरकारवर पडला तर मी भरीन, अशी ती कायदेशीर हमी असते, आणि ती देणाऱ्याला सरकारी कचेरीत जाऊन स्वतःची कमाई दाखवावी लागते. चार महिन्यांच्या ओळखीवर हे मागू नये. तुझं साधं पत्र, राहायच्या जागेचं बुकिंग, आणि घरच्यांची स्वतःची कागदपत्रं: बँकेचं स्टेटमेंट, पेन्शन किंवा पगाराचा कागद, एफडी, इन्कम टॅक्स रिटर्न. पप्पा शेतकरी असतील तर सातबारा, आठ-अ आणि कारखान्याची किंवा मार्केट यार्डाची बिलं, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न कोरं दिसतं. ते का कोरं आहे हे एका पानाच्या पत्रात लिहून जोडायचं. परत येणार कशावरून, हा त्यांचा खरा प्रश्न असतो, आणि जमीन हे त्याचं चांगलं उत्तर आहे.

बॅगेबद्दल बोलताना तुझ्या साताऱ्याचं मन दुखावणार आहे. कंदी पेढे आणता येणार नाहीत. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढा गेला, खवा गेला, घरचं तूपही गेलं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तेही नाही. फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. माझ्या आईला नारळाचं कळलं तेव्हा तिनं जर्मन सरकारला मनापासून आशीर्वाद दिला, कारण होस्ट आईची ओटी भरायचीच होती. भरली. तांदूळ तिथल्या दुकानातले, नारळ सांगलीचा. ती बाई पदर कुठं धरायचा हे विचारत गोंधळून हसत होती, पण साडी तिनं ठेवून घेतली. टॉवेल-टोपी मी बॅगेतून आधीच काढली होती. आमच्याकडून भडंग, बेदाणे, हळद आणि शेंगदाण्याची चटणी गेली, पोरांना सावंतवाडीची लाकडी खेळणी. भडंग पोरांनी पाण्याचे घोट घेत घेत संपवलं. दिवाळीच्या फराळातलं तेलात तळलेलं, चकली-शेव-चिवडा, खुशाल येऊ दे.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठल्याची बातमी आली की साताऱ्यात माकडटोप्या निघतात, तर तिथं तेवढी थंडी रोजचीच. पण घरात, गाडीत, दुकानात ऊब असते. एक भलामोठा स्वेटर घालण्यापेक्षा आत थर्मल, वर दोन पातळ थर आणि वारा अडवणारं जाकीट असं बरं. आईला साडीच नेसायची असेल तर आत थर्मल पॅंट, पायात लोकरी मोजे आणि पकड असलेले बूट. बूट महत्त्वाचे. सकाळी बाहेर फुटपाथवर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही, आणि साठीतल्या माणसाला पडणं परवडत नाही. सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. बाहेरचं सगळं दहा ते चारमध्ये बसव.

राहिलं वाट बघणं. त्याला माझ्याकडं औषध नाही, पण फोनची वेळ बदल. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढं असतो. तू रात्री नऊला मोकळी होऊन फोन करतेस तेव्हा साताऱ्यात दीड वाजलेला असतो. आई जागी राहून बोलते, तू रडतेस, मग दोघींची झोप जाते. त्याऐवजी दुपारी दोन-अडीचला कर, पोरं यायच्या आधी. तिकडं दिवेलागण झालेली असते, घरात सगळे असतात, कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. आणि होस्ट फॅमिलीच्या पोरांना या वाट बघण्यात सामील करून घे. 1 डिसेंबरपासून ती रोज नाताळच्या, आत चॉकलेट असलेल्या कॅलेंडरची एक खिडकी उघडतात. आमच्या होस्टच्या धाकट्यानं विमानाचं चित्र काढून आई-आण्णांच्या तारखेवर चिकटवलं होतं आणि चॉकलेटपेक्षा त्याचीच चौकशी जास्त करायचा. 5 तारखेच्या रात्री पोरं निकोलाउससाठी, म्हणजे रात्री खाऊ ठेवून जाणाऱ्या संतासाठी, बूट घासून दाराबाहेर ठेवतात. तू पण ठेव, मोठी झालीस म्हणून लाजू नकोस.

सातबाऱ्याच्या भाषांतराचा आणि त्या एक पानी पत्राचा नमुना माझ्याकडं आहे. हवा असेल तर मेसेज कर, पण मावशीचा पासपोर्ट आधी बघून.