मराठी माध्यमातून नर्सिंगला आलीस? आधी बीपी पक्कं कर

खेड्यातून आलेल्या पोरी वॉर्डात मागं उभ्या राहतात. हुशारी कमी नसते, इंग्रजीची धास्ती असते. 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून जमल्यानंच येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं. म्हणून आधी एकच काम धर, बीपी मोजणं. कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंमी वर ठेव. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा आणखी ३० मिमी चढव, मग सेकंदाला २-३ मिमीनं उतरव. इथंच घाई होते आणि वरचा आकडा कमी येतो. शंका वाटली तर अंदाजे लिहू नकोस. हवा पूर्ण काढ, मिनिटभर थांब, परत घे, सिस्टरांकडून तपासून घे. मोजायच्या आधी वऱ्हाडी आजीशी वऱ्हाडीतच बोल. ती हात सैल सोडते, आकडाही नीट येतो.