हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न: माझं लग्न १९९१ साली झालं. वडील मागच्या वर्षी वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. वडिलोपार्जित सहा एकर शेती आहे. मागे आई, दोन भाऊ आणि मी. वडिलांनी तोंडी वाटणी केली होती, तुझ्या लग्नात खर्चही झाला, असं भाऊ म्हणतात. वारस नोंदीसाठी सही लागते म्हणून सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावलं आहे. जाऊ का?

उत्तर: ताई, सोमवारी जाऊ नका. वारस नोंद तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) होते, तिला दुय्यम निबंधकाकडची सही लागतच नाही. तिथे सही घेतात ती बहुधा हक्कसोडपत्रावर. एकदा ते नोंदणीकृत झालं की तुमचा हिस्सा गेला. फसवून सही घेतली हे पुढे दिवाणी न्यायालयात तुम्हालाच सिद्ध करावं लागेल, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. अनेक घरांत अजून तोच कायदा सांगितला जातो. ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट उरली नाही. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार आहे, लग्न केव्हा झालं याला महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी असेल तरच ती टिकते. तोंडी वाटणी सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याशिवाय सहसा मान्य होत नाही. लग्नाचा खर्च हिश्श्यातून वजा होत नाही.

हिशोब असा: वडील, आई, दोन भाऊ, तुम्ही मिळून पाच वाटे. वडिलांच्या एक पंचमांशाचे पुन्हा चौघांत चार भाग. म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश, तुमच्या वाट्याला दीड एकर, साठ गुंठे.

आता कामाला लागा. सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज स्वतः द्या, पोच घ्या. भावांनी आधीच अर्ज दिला असेल तर त्यातलं वारसांचं प्रतिज्ञापत्र बघा, बहिणीचं नाव गाळलं जातं ते तिथेच. फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. नोंद मंजूर झालेली असल्यास साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. नवा सातबारा हातात आला की नाव कब्जेदार (मालकाच्या) सदरात आहे की 'इतर हक्का'त, हे डोळ्यांनी पाहा. बहिणींना 'इतर हक्का'त ढकलतात आणि विक्रीच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही.

भाऊ ऐकत नसतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि विक्रीवर मनाई. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

माहेर तुटेल ही भीती खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. मनापासून द्यायचंच असेल तर आधी नाव लावून घ्या, मग ठरवा. आईच्या हिश्श्यावरही कुणी सही मागितली का, तेवढं तिला आजच विचारा.