पणजोबा गरीब होते, मग फोटोतलं श्रीमंत घर कुणाचं?

तुमचा प्रश्न असा की पणजोबांची परिस्थिती बेताची, मग फोटोत कोरीव खुर्ची, खांब, मागे बाग हे कुठून आलं. ते घर कुणाचंच नाही, स्टुडिओ आहे तो. बाग म्हणजे रंगवलेला पडदा.

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात ट्रंकेत आजीच्या आईवडलांचा असाच फोटो निघाला. पणजोबा कोट घालून खुर्चीत, पणजी शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. कोट खांद्यात ढगळ, बाह्या पार बोटांपर्यंत आल्यात आणि पाय मात्र अनवाणी. आजी सांगायची, कोट फोटोवाल्याचाच होता. पणजीच्या पायामागे लोखंडी स्टँडचा गोल पाय दिसतो, तो डोकं हलू नये म्हणून मागून दिलेला टेकू, कारण तेव्हा काही सेकंद अजिबात न हलता थांबावं लागायचं, त्यात मान जरा हलली की चेहरा पुसट आणि ज्या काचेवर फोटो उमटायचा ती काच वाया.

आता पैशाचं. 1839 ला फोटो आला तेव्हा तो चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर निघायचा, एकच, त्याची कॉपी नाही, म्हणजे चैन बड्या लोकांचीच. नंतर काचेची निगेटिव्ह आली आणि 1854 मध्ये पॅरिसच्या दिझदेरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायची पद्धत पेटंट केली. एकदा छापायचं, कापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं. साधारण अडीच बाय चार इंची कार्ड. तिथून फोटो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. आणि खुर्ची, पडदा, कोट हे स्टुडिओवाल्याने एकदा घेतलं की शेकडो गिऱ्हाइकांना पुरायचं, त्यामुळे ज्याच्या घरी खुर्चीच नाही त्यालाही साहेबासारखं बसता यायचं. मला तरी यात खोटेपणा वाटत नाही, आपल्याला लोकांनी कसं बघावं हे त्या माणसाने पैसे मोजून ठरवलं ना.

आपल्याकडेही हे फार लवकर आलं, मुंबईत 1854 लाच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, मुंबईतले नामांकित डॉक्टर भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक त्याच दशकात धंद्यात उतरले. भीती पण होतीच. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवायचे, तिथे कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा उठली आणि गिऱ्हाईक तुटलं.

तुमचा फोटो फ्रेममधून हळूच काढून पुठ्ठ्याची मागची बाजू बघा, बऱ्याचदा स्टुडिओचं नाव, गाव छापलेलं असतं. पिवळट पडला असेल तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा आहे, उन्हात अजिबात ठेवू नका. आणि नातेवाईकांकडचे फोटो शेजारी ठेवून बघा. आमच्या पणजोबांच्या खुर्चीचा डावा हात कोपऱ्यात तुटलाय, कोरलेलं एक पान गेलंय. तीच खुर्ची, तेच तुटलेलं पान मला गल्लीतल्या दुसऱ्या एका घरातल्या फोटोत दिसलं, आणि त्यात बसलेत त्यांचे पणजोबा.