वाचकांचे प्रश्न : खुराड्याच्या जाळीला आलेल्या झिणझिण्या

प्रश्न : आमच्या परसात घरापासून साधारण २५ मीटरवर बारा कोंबड्यांचे लाकडी खुराडे आहे. थंडी सुरू झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या प्लगवरून एक्स्टेन्शनची वायर खिडकीतून बाहेर काढली आहे. मधला जोड चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आहे आणि २५० वॅटचा लाल दिवा चिमट्याने खुराड्याच्या जाळीला अडकवला आहे. गेल्या आठवड्यात पहाटे अंडी काढताना जाळीला हात लागताच झिणझिण्या आल्या. दुपारी मुद्दाम पुन्हा हात लावून पाहिला, तर काहीच जाणवले नाही. एमसीबीही पडला नव्हता. ही व्यवस्था चालू ठेवावी, की कायमची लाइन ओढून घ्यावी?

उत्तर : हा अंक हाती पडेपर्यंत ती वायर जागेवरच असेल, तर सर्वांत आधी घरातले बटण बंद करून पिन काढून ठेवावी, खुराड्यापाशी जाऊन दिवा सोडवण्याचे काम त्यानंतरचे. जाळीला हात लावून खात्री करून घेण्याचा प्रयोग तर कृपया पुन्हा करू नये. दुपारी काही जाणवले नाही, म्हणून दोष गेला असे होत नाही. पहाटे जमीन दवाने ओली होती, त्यामुळे प्रवाहाला आपल्या शरीरातून जमिनीत उतरायला वाट मिळाली. दुपारी कोरड्या मातीवर तीच वाट बंद झाली. माणसाला साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो, १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह शरीरातून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या हाताने तीच जाळी घट्ट धरली गेली असती, तर काय झाले असते हे यावरून ध्यानात येईल.

वीज जाळीत बहुधा दिव्याच्या होल्डरमधून आली असावी. होल्डरच्या मागे वायर वाकते तिथे उष्णतेने तिचे आवरण कडक होऊन तडकते, आत दमट भुशाची धूळ साचते आणि प्रवाह धातूच्या टोपीत, तिथून चिमट्यात, चिमट्यातून जाळीत पाझरतो. एक्स्टेन्शनची वायर दोनच तारांची असेल किंवा तिची अर्थिंगची पिन तुटलेली असेल, तर पाझरलेल्या विजेला परत जायला वाटच राहत नाही आणि सगळी जाळी जिवंत होऊन कोणीतरी हात लावण्याची वाट पाहत राहते. पिशवीत गुंडाळलेला जोडही तितकाच संशयास्पद आहे. पिशवीने पाऊस अडतो, पण रात्रीच्या गारठ्यात तिच्या आतच दव धरते आणि ते बाहेर पडू शकत नाही. सकाळी पिशवी सोडून पाहिल्यास आतून पाण्याचे मणी दिसतील.

एमसीबी पडला नाही याचे आश्चर्य वाटायला नको, कारण तो वायर तापू नये म्हणून असतो, माणसाला शॉक बसू नये म्हणून नव्हे. समजा, जमिनीत अर्थिंगचा रॉड आहे आणि त्याचा रोध २० ओहम आहे. २३० व्होल्टला त्यातून फार तर ११.५ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी हा प्रवाह नेहमीचाच भार समजून चालू राहील आणि दोष तसाच राहील. इथे उपयोगी पडतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ठरावीक फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच लाइन तुटते. नसेल तर ती कोणाच्या तरी शरीरातून प्रवाह गेल्यावरच तुटते. शिवाय एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागला, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही.

आता लाइन ओढण्याआधीचा प्रश्न : त्या दिव्याची गरज आहे का? माझे स्पष्ट मत असे आहे की, पिसे पूर्ण आलेल्या निरोगी कोंबड्यांना बहुतेक ठिकाणी ती नसते. कोंबडीचे शरीर सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानाचे असते, पिसे फुगवून ती स्वतःभोवती हवेचा थर धरते, आणि एक कोंबडी साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे बारा कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या की आपल्या दिव्याच्या जवळजवळ निम्मी उष्णता फुकट मिळते. थंडीपेक्षा त्यांना बाधतो तो ओलावा. गारठा लागू नये म्हणून खुराडे चहूबाजूंनी बंद केले, की श्वासातली वाफ आणि विष्ठेतला अमोनिया आतच कोंडतो, श्वसनाचे विकार सुरू होतात आणि कडक थंडीत ओलसर तुरे गोठून काळे पडतात. म्हणून दांडीच्या उंचीला वाऱ्याचा झोत लागू देऊ नये, पण छपराखालची झरोक्यांची जागा उघडी ठेवावी आणि तळाचा भुसा कोरडा राखावा. दिव्याच्या उबेची सवय लागलेल्या कोंबड्यांना रात्री अचानक वीज गेली तर उलट जास्त त्रास होतो.

आगीची भीती तर मला शॉकइतकीच वाटते. २५० वॅटचा दिवा, खाली सुका भुसा आणि वर चिमटा, ही जोडणी फडफडणाऱ्या एका पंखाने कोसळू शकते. लहान पिल्लांना ऊब लागतेच (पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी), पण त्यांच्यासाठीही दिव्याऐवजी कमी वॅटची, खाली शिरून बसता येणारी तापपट्टी घ्यावी. दिवाच वापरावा लागला, तर तो साखळीने टांगावा आणि साखळी सुटली तरी तो खाली येणार नाही असा दुसरा स्वतंत्र आधार द्यावा. फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेले काही दिवे मिळतात, ते खुराड्यात कधीही लावू नयेत. तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी दगावतात.

प्रकाशासाठी किंवा पाणी गोठू नये म्हणून वीज हवीच असेल, तर कायमची लाइन परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. घरातल्या बोर्डावर तिला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी असावा, म्हणजे खुराड्याकडे न जाता ती बंद करता येईल. केबल आर्मर्ड (आवरणाखाली धातूचे कवच असलेली) असावी आणि साधारण दोन फूट खोल चरातून जावी. वर धोक्याची पट्टी पुरावी, म्हणजे पुढे कोणी खणताना कुदळ तिच्यावर पडणार नाही. खोलीबाबत आपल्या भागातला नियम वेगळा असेल, तर तो पाळावा. खुराड्यात सर्व वायर पाइपमधून न्यावी, कारण कोंबड्या लोंबणारी तार टोचतात आणि दाण्यावर आलेले उंदीर ती कुरतडतात. भिंतीतून आत शिरण्याआधी वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बाहेरच गळून पडते. दिवा व स्विच आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत शिरू न देणारे घ्यावेत. अमोनियाने तांब्याची टोके गंजतात आणि गंजलेला जोड तापतो. जाळीला विजेची कोणतीही वस्तू टांगू नये. आरसीसीबीचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, आणि ते दाबूनही लाइन तुटली नाही, तर तो बदलेपर्यंत खुराड्याची लाइन बंद ठेवावी.

प्रश्न : चर खणणे शक्य नाही. सौर पॅनेल आणि बॅटरीवर खुराडे चालेल का?

उत्तर : दिव्यासाठी उत्तम चालेल, उबेसाठी नाही. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज मावते. २५० वॅटचा दिवा दहा तास जळला तर २.५ युनिट लागतात. याउलट ६ वॅटचा एलईडी दिवा रोज तीन-चार तास लावला, तर अगदी लहान बॅटरीही पुरते. १२ व्होल्टला शॉकची भीती जवळजवळ राहत नाही, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर बॅटरी प्रचंड प्रवाह देते आणि वायर पेटू शकते, म्हणून बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज बसवावा.

अंड्यांसाठी दिवसाचा प्रकाश १४ ते १६ तासांपर्यंत वाढवायचा असेल, तर टायमर लावून तो पहाटेच्या बाजूने वाढवावा. संध्याकाळी दिवा अचानक विझला, तर अंधारात नीट न दिसणाऱ्या कोंबड्या दांडीवर चढू शकत नाहीत आणि गार जमिनीवरच रात्र काढतात.