माझ्याकडे एका बिस्किट कंपनीचे ४० शेअर आहेत. तिच्या मालात जीएम (म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांचे) घटक आहेत का, हे मी विचारू शकतो का? अमेरिकेत म्हणे छोटे भागधारक ठराव आणून कंपन्यांना नमवतात. इथे तसं होईल का?

विचारू शकता. शेअर ४० असोत नाहीतर ४, वार्षिक सभेत तोंड उघडायचा हक्क तेवढाच. ठरावाचं मात्र विसरा.

मी हे कुठून बोलतेय ते सांगते. अंधेरीच्या एका शेअर ट्रान्सफर एजंटच्या ऑफिसात मी २६ वर्षं काढली. डिव्हिडंड वॉरंट हरवलं, सही जुळत नाही, वडिलांच्या नावचे शेअर मुलाच्या नावावर करायचेत, ही आमची कामं. आणि जुलै ते सप्टेंबर सभांच्या दारात टेबल मांडून अटेंडन्स स्लिपा गोळा करायच्या.

अमेरिकेत २००० डॉलरचे शेअर ठरावीक काळ सांभाळले (पूर्वी १ वर्ष, २०२० मध्ये नियम बदलल्यावर ३ वर्षं) की तुमचा ठराव कंपनीला स्वतःच्या खर्चाने सगळ्या भागधारकांपुढे ठेवावा लागतो. नन्सच्या संस्थासुद्धा आपल्या निवृत्ती निधीतले शेअर धरून हे करतात. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ चं कलम १११ वाचा. मतदानाच्या भांडवलाचा एक दशांश हिस्सा हातात असेल तरच ठराव मांडता येतो, वर पाठवणीचा खर्चही आपला. १९५६ च्या कायद्यात १०० जणांनी मिळून १ लाख रुपये भरणा झालेले शेअर दाखवले तरी चालायचं. ती फट बुजवली. त्यात प्रवर्तकांकडेच, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांच्याकडेच, ७५ टक्क्यांपर्यंत शेअर असू शकतात. तुमच्या ४० शेअरांनी कुठे शिरायचं?

पण तिकडेही ठराव जिंकतात असं समजू नका. जानेवारी २०१४ मध्ये जनरल मिल्स या अमेरिकी खाद्य कंपनीने आपल्या साध्या चिरिओजमधले (नाश्त्याला दुधात घालून खायचं ओट्सचं सीरियल) जीएम घटक काढल्याचं जाहीर केलं. ओट्स मुळात जीएम नसतातच, बदलावा लागला तो थोडासा मक्याचा स्टार्च आणि साखर. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच कंपनीच्या सभेत सगळ्याच मालातून जीएम काढा असा ठराव आला. मतं पडली २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मतदानात सपशेल आपटी, आणि एका खोक्यावर आधीच बदल.

कंपन्या घाबरतात त्या मतांना नाही, माल परत मागवण्याला. २००० साली अमेरिकेत फक्त जनावरांच्या चाऱ्यासाठी मंजूर असलेला स्टारलिंक नावाचा जीएम मका टॅको शेल्समध्ये (मक्याच्या कुरकुरीत पुऱ्या) सापडला आणि त्या विकणाऱ्या क्राफ्ट कंपनीला दुकानांतून माल उचलावा लागला. त्यानंतर गुंतवणूकदारांच्या हाती नैतिकतेपेक्षा पक्का मुद्दा आला: हा धोका ताळेबंदात कुठे दिसतो? त्याआधी १९९९ मध्ये गर्बर कंपनीने आपल्या बाळांच्या खाण्यातून जीएम घटक काढायचं ठरवलं होतं, तेव्हा तिची मालक नोव्हार्टिस स्वतः जीएम बियाणं विकत होती! धंदा असा असतो.

आता इकडचं. २०१० च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांगं (किडीला मारणारं जनुक घातलेलं जीएम वांगं) थांबवलं. त्याच वर्षी पावसाळ्यात मरीन लाइन्सच्या एका सभागृहात एका खाद्य कंपनीची सभा होती. नेहमीचे वक्ते उठले, अहवालाच्या छपाईचं कौतुक केलं, सेक्रेटेरियल डिपार्टमेंटचे आभार मानले, वेफर्सची पाकिटं आधीच निम्मी रिकामी. मग एक गुजराती आजोबा उठले. खिशातून शेवेचं पाकीट काढलं, माइकसमोर चुरचुरवलं आणि म्हणाले, "इसमें कपासिया तेल है. कपास अब सब बीटी है. तो ये क्या है?" सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, आम्ही सर्व लागू कायद्यांचं पालन करतो.

चहाच्या वेळी कंपनीचा एक माणूस आमच्या टेबलाशी आला आणि हळूच आजोबांचा फोलिओ नंबर (भागधारकाचा खाते क्रमांक) विचारून गेला. पंधरवड्याने त्यांच्या नावचं पत्र आमच्याकडून रवाना झालं, कारण पाकिटावरचा पत्ता मीच टाइप केला. दीड पान. कोणत्या दोन मालांत सरकीचं तेल जातं, ते कोणत्या राज्यातून येतं, सगळं. स्टेजवर जे सांगितलं नाही ते कागदावर आलं.

म्हणून प्रश्न "जीएम वाईट आहे की नाही" असा विचारूच नका, अध्यक्ष पाच मिनिटं विज्ञानावर बोलतील आणि वेळ संपेल. पाकिटाची मागची बाजू वाचा. बिस्किटात बहुतेक पामतेल असतं आणि जीएम पाम बाजारात नाही. सोयाबीन तेल लिहिलं असेल तर ते कुठलं ते विचारा. लातूरचं सोयाबीन जीएम नाही, आपल्याकडे त्याला परवानगीच नाही. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं तेल मात्र बहुतेक जीएम सोयाबीनचंच. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, त्यामुळे तपासणीत जीएम सहसा सापडत नाही, आणि तोच लॅबचा रिपोर्ट दाखवून कंपनीवाले हात झटकतील. रिपोर्ट नको, पुरवठादाराचं प्रमाणपत्र मागा. आणि २०१३ पासून जीएम खाद्यपदार्थाच्या पाकिटावर वरच्या बाजूला तशी अक्षरं छापायचा वजनमाप खात्याचा नियम आहे, तो तुम्ही तुमच्या मालाला कसा लावता, हेही विचारा. मी दादरच्या दुकानांत ती अक्षरं आजवर एकाही पाकिटावर पाहिलेली नाहीत.

आणखी एक. तुमच्या एसआयपीचे पैसे ज्या म्युच्युअल फंडात जातात, त्याच्याकडे त्या कंपनीचे तुमच्यापेक्षा हजारो पट शेअर असतील. २०२१ पासून सेबीने फंडांना मतदान सक्तीचं केलंय आणि कुठे काय मत दिलं ते वेबसाइटवर टाकावं लागतं. फंडालाही तोच प्रश्न ईमेलने पाठवा. कंपनीचा माणूस फंड मॅनेजरचा फोन पहिल्या रिंगला उचलतो.

सभा हल्ली बहुतेक ऑनलाइन असतात, वेफर्स गेले. बोलायचं असेल तर आधी ईमेलने नाव नोंदवावं लागतं, आणि ती शेवटची तारीख नोटिशीच्या टिपांमध्ये कुठेतरी मध्येच बारीक अक्षरात असते. गेल्या वर्षी मी स्वतः ती चुकवली. २६ वर्षं त्याच नोटिशा पाकिटात भरून.