सरकार पडतं, शासन पडत नाही

सोलापुरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका वाचक मुलीनं विचारलं आहे: ‘तौलनिक शासन आणि राजकारण वाचताना राज्यसंस्था, शासन, सरकार, राजवट हे शब्द सारखे येतात. एकाच पानावर एकाच्या जागी दुसरा वापरलेला दिसतो. यांत खरंच फरक आहे का? आणि राजवट म्हणजे हुकूमशाही असेल, तर राष्ट्रपती राजवट कशी?’

फरक आहे, आणि व्याख्या पाठ करायच्या आधी तो आपल्या रोजच्या बोलण्यातच सापडतो. नामाच्या पुढे कोणतं क्रियापद येतं ते बघावं. सरकार बनतं, टिकतं, डळमळतं, पडतं. राजवट येते, संपते, उलथवली जाते. ‘शासन पडलं’ असं मात्र कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. मुंबईत मंत्रिमंडळ बदललं तरी ‘शासन निर्णय’ त्याच मथळ्याखाली निघत राहतो, कारण तिथं शासन म्हणजे कायम चालणारा कारभार. या शब्दाला मुळात आज्ञा आणि शिक्षा असे दोन्ही अर्थ आहेत. ‘गुन्हेगाराला कडक शासन व्हावं’ हे आपण आजही म्हणतो. सरकार हा शब्द फारसीतून आला आणि घराघरांत रुळला. शासन संस्कृतातलं, ते पाटीवर आणि कागदावर राहिलं. सोलापुरातल्या रुग्णालयाच्या कागदांवर ‘शासकीय’ असतं, रिक्षावाल्याला आपण ‘सिव्हिलला चला’ म्हणतो आणि घरी आल्यावर ‘सरकारी दवाखान्यात गेलो होतो’ असं सांगतो.

आता शास्त्रातला अर्थ. फ्रान्सचं उदाहरण घेतलं की तीन शब्द एकदम सुटे होतात. १९४६ ते १९५८ या चौथ्या प्रजासत्ताकात तिथं वीसहून अधिक मंत्रिमंडळं आली आणि गेली. ही सरकारं पडली. १९५८ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाच्या पेचातून जनरल द गॉल सत्तेवर आले, नवी राज्यघटना झाली, राष्ट्राध्यक्षाचं पद बळकट झालं. इथं राजवट बदलली, म्हणजे सत्ता कुणाला, कशी आणि किती मिळायची याचे नियमच बदलले. पण कर गोळा होत राहिले, न्यायालयं चालू राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांतले प्रीफेक्ट (आपल्या कलेक्टरसारखे अधिकारी) कामावर राहिले. ती राज्यसंस्था. बेल्जियममध्ये २०१०च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकार बनलं नाही, काळजीवाहू मंत्रिमंडळावर भागलं. राज्यसंस्थेला धक्का लागला नाही. सोमालियात १९९१ साली उलटं झालं: हुकूमशहा सियाद बार्रेंची राजवट गेली आणि तिच्याबरोबर राज्यसंस्थाही मोडली.

तेव्हा राजवट म्हणजे हुकूमशाहीच असं नाही. लोकशाही हीसुद्धा एक राजवटच. निजामी राजवट, इंग्रजी राजवट असं ऐकून ऐकून शब्दाला कडवट वास लागला, एवढंच. ‘राष्ट्रपती राजवट’ हा मात्र शास्त्राच्या दृष्टीनं सैल प्रयोग आहे. महाराष्ट्रात ती १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये लागली. तिन्ही वेळा राज्यघटना तीच, अनुच्छेद ३५६ तिच्यातलाच. राज्यात मंत्रिमंडळ नव्हतं, एवढाच बदल. उत्तरपत्रिकेत हा प्रयोग जरूर लिहावा, पण राजवट बदलल्याचं उदाहरण म्हणून देऊ नये.

राज्यसंस्थेची व्याख्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं १९१९ मध्ये दिली: ठरावीक भूभागात बळाच्या वैध वापरावर एकट्याचा हक्क यशस्वीपणे सांगणारा मानवी समुदाय. मराठीत याला दंडशक्ती म्हणता येईल. सोलापूरकराला ही व्याख्या कळायला जर्मनीत जायची गरज नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि ९ ते ११ मे इंग्रजांचा अंमल शहरातून उठला. रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मेला मार्शल लॉ आला आणि गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरलं. त्या तीन दिवसांना ‘सरकार पडलं’ म्हणणं मला फार तोकडं वाटतं. इथं दंडशक्तीच हातातून निसटली होती, आणि म्हणूनच ती परत मिळवताना इतकी क्रूर झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली.

राहिला ‘राज्य’ हा शब्द. तो महाराष्ट्रालाही लागतो आणि भारतासारख्या सार्वभौम सत्तेलाही, म्हणून उत्तरात घोळ होतो. महाराष्ट्रासाठी ‘घटकराज्य’ आणि व्यापक अर्थासाठी ‘राज्यसंस्था’ लिहावं. राज्यघटनेचा अनुच्छेद १२ मात्र ‘राज्य’ हाच शब्द व्यापक अर्थानं वापरतो. मूलभूत हक्कांच्या बाबतीत केंद्र आणि घटकराज्यांची सरकारं, संसद आणि विधिमंडळं यांच्याबरोबर स्थानिक प्राधिकरणंही त्यात येतात. बोलताना महापालिकेला कुणी सरकार म्हणत नाही, पण समानतेचा हक्क डावलला गेला तर इंद्रभुवन या इमारतीतली सोलापूरची महापालिकाही ‘राज्य’ म्हणूनच न्यायालयात उत्तर द्यायला बांधील आहे.