शब्दाला एक सेंट

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. रहस्यकथा लिहिताना आपण काही हलके लिहीत आहोत अशी बोच लागून राहते, असे तू कळवलेस. तुझी समजूत घालण्यापेक्षा एका प्रौढ नवशिक्याची हकिगत सांगतो.

१९३२ मध्ये रेमंड चँडलरची, म्हणजे पुढे रहस्यकथांसाठी गाजलेल्या अमेरिकन लेखकाची, लॉस एंजेलिसमधल्या तेल कंपनीतली नोकरी गेली आणि पोटासाठी त्याने पल्प मासिकांकडे, म्हणजे स्वस्त कथामासिकांकडे, पाहिले. लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत, लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावर ती छापली जात, त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. त्यांतले 'ब्लॅक मास्क' मेंकन आणि नेथन या संपादकांनी १९२० मध्ये आपल्या दुसऱ्या, प्रतिष्ठित मासिकाच्या खर्चाची सोय म्हणून काढले आणि लवकरच विकूनही टाकले. पुढे १९२६ पासून जोसेफ शॉने संपादनाची सूत्रे हाती घेतली आणि एकेकाळी प्रत्यक्ष गुप्तहेरी केलेल्या डॅशिएल हॅमेटचे लेखन तो इतर लेखकांपुढे नमुना म्हणून ठेवू लागला.

चँडलरने या मासिकांतली अर्ल स्टॅन्ली गार्डनरची एक दीर्घकथा घेतली, तिचा अगदी बारीकसारीक सारांश काढला, मूळ कथा बाजूला ठेवून त्या सारांशावरून ती स्वतः लिहिली, मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि आपली पुन्हा लिहिली. ती छापण्यासाठी नव्हतीच, कारण ती त्याची नव्हती. हे त्याने पुढे खुद्द गार्डनरलाच पत्राने कळवले. (गार्डनर स्वतः वकील होता आणि या मासिकांत मानधन शब्दांवर मिळे. त्याचे नायक नेहमी शेवटच्या गोळीलाच का नेम साधतात, असे विचारल्यावर, प्रत्येक 'धाड'चे तीन सेंट मिळत असताना बंदुकीत गोळ्या शिल्लक असताना लढाई का संपवू, असे तो म्हणाल्याचे सांगतात.) चँडलरची पहिली कथा डिसेंबर १९३३ मध्ये छापून आली. अठरा हजार शब्द, पाच महिन्यांची मेहनत आणि मानधन १८० डॉलर. या हिशेबाने घर चालत नाही, हेही ध्यानात ठेव.

मला त्याची आणखी एक आठवण मोलाची वाटते. गाडीतून उतरलेला माणूस उन्हाने न्हालेली पदवाट ओलांडतो आणि दारावरच्या कापडी छताची सावली त्याच्या चेहऱ्यावर गार पाण्यासारखी पडते, अशा आशयाचे वाक्य त्याने एका कथेत घातले होते. वाचकांना केवळ घडामोडी हव्या असतात, या समजुतीने ते छापताना गाळले गेले. वाचकांना नकळत हवी असते ती ही सावलीच, असे त्याचे मत होते, आणि मला ते पटते. मात्र तो माणूस गाडीतून उतरून कुठेतरी निघालेला असला, तरच ती सावली वाचकाला जाणवते. तुझ्या कथेत पहिली चार पाने सावलीच आहे, गाडी अजून आलेलीच नाही.

तेव्हा पुढच्या पत्रासोबत नवी कथा पाठवू नकोस. तुला आवडणारी एखादी रहस्यकथा निवड आणि कोण कुठल्या खोलीत कोणत्या दाराने शिरतो इथपर्यंतचा तिचा सारांश काढून पाठव.

तुझा,
एक जुना वाचक